न झालेल्या मृत्यूंचा हिशेब

शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ अथवा सामाजिक कार्यकर्ता नेमला पाहिजे, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिला. विशाखापट्टणम येथे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा २०२३ साली मृत्यू झाला होता. त्या प्रकरणाचा निकाल देताना न्यायालयाने हे निर्देश दिले आणि योग्य तो कायदा होईपर्यंत ते बंधनकारक राहतील, असेही स्पष्ट केले. निर्देशामागील कळकळीविषयी दुमत होण्याचे कारण नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १,७०,९२४ व्यक्तींनी आत्महत्या केल्या. त्यांत १३,०४४ विद्यार्थी होते. राज्यवार आकड्यांत महाराष्ट्राचा क्रमांक पहिला असून, आपल्या राज्यातील एकूण संख्या २२,७४६ इतकी होती.

तथापि कोणताही आदेश निघाला की अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला काही रूक्ष प्रश्न विचारावेच लागतात. ही माणसे येणार कोठून? त्यांना नेमके काय येत असले पाहिजे? त्यांच्या कामाचे मोल कोणत्या मापाने ठरवावयाचे? पुण्यासारख्या, विद्यार्थ्यांच्या वर्दळीवर ज्याचे अर्थकारण बव्हंशी उभे आहे अशा शहराला तर हे प्रश्न टाळता येणारच नाहीत. त्यांची उत्तरे शोधू लागल्यास एका अल्पपरिचित व्यवसायाशी येऊन थांबावे लागते. तो व्यवसाय म्हणजे आत्महत्या आणि हिंसा यांच्या धोक्याचा अभ्यास करणाऱ्या चिकित्सा मानसशास्त्रज्ञाचा.

एका शास्त्राचा जन्म

या शास्त्राला आजचे रूप देण्याचे श्रेय प्रामुख्याने एडविन श्नाइडमन या अमेरिकन चिकित्सा मानसशास्त्रज्ञाकडे जाते. १९४९ साली लॉस एंजेलिसच्या मृत्युतपासणी कार्यालयात त्यांना आत्महत्या केलेल्यांनी मागे ठेवलेल्या शेकडो चिठ्ठ्या आढळल्या. दुसरा कोणी हळहळून पुढे गेला असता. श्नाइडमन यांनी, आत्महत्येचा विचार मनात नसलेल्या माणसांकडून तशाच चिठ्ठ्या लिहवून घेतल्या आणि कोणती चिठ्ठी खरी व कोणती लिहवून घेतलेली हे ठाऊक नसताना दोहोंची तुलना करण्याची पद्धत अवलंबिली. ज्या विषयावर तोवर धर्मशास्त्र, कायदा आणि तत्त्वज्ञान हेच बोलत आले होते, त्या विषयात अशा रीतीने नियंत्रित तुलनेची शिस्त आली. १९५८ साली नॉर्मन फार्बेरो आणि रॉबर्ट लिटमन यांच्यासमवेत त्यांनी त्याच शहरात आत्महत्या प्रतिबंधक केंद्र सुरू केले. संशयास्पद मृत्यूंच्या बाबतीत आप्तेष्टांना व परिचितांना भेटून मृताची मनःस्थिती उभी करावयाची, ही मरणोत्तर मानसिक तपासणीची पद्धतही तेथूनच रूढ झाली.

या संशोधनातून हाती आलेली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे आत्महत्येच्या उंबरठ्यावरील मनाचे द्वैत. असा माणूस एकाच वेळी मरू पाहत असतो आणि कोणीतरी वाचवावे अशी आशाही धरीत असतो. प्रतिबंधाची सारी इमारत या द्वैतावर उभी आहे. ज्याचा निर्णय पक्का झाला त्याला कोण अडविणार, ही लोकसमजूत जर खरी असती, तर या व्यवसायाला अर्थच उरला नसता.

भारतात चिकित्सा मानसशास्त्राचे शिक्षण १९५० नंतरच्या दशकात बंगलोरच्या अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्थेत सुरू झाले. हीच संस्था पुढे 'निम्हान्स' म्हणून ओळखली जाऊ लागली. पदवी, मग पदव्युत्तर पदवी आणि तिच्यानंतर रुग्णालयात राहून करावयाचा दोन वर्षांचा एम. फिल. अभ्यासक्रम, असा हा मार्ग राहिला असून, त्यानंतर भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करावी लागे. म्हणजे बारावीनंतर किमान सात वर्षे झाली. इतकी वर्षे खर्ची घालणारा तरुण त्या काळात मिळू शकणाऱ्या अन्य कमाईवर पाणी सोडीत असतो. त्यातच विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या नियमांनी एम. फिल. ही पदवीच बंद केली आणि चिकित्सा मानसशास्त्रापुरती २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापर्यंत सवलत दिली. एकीकडे न्यायालय माणसे नेमा म्हणते आणि दुसरीकडे ती माणसे घडविणाऱ्या अभ्यासक्रमाला मुदतीवर जगावे लागते, ही विसंगती शिक्षणक्षेत्रातील वाचकांना नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही.

भाकिताचा मोह

पण पुरवठ्यापेक्षाही गंभीर प्रश्न मागणीच्या स्वरूपाचा आहे. संस्थाचालकांना, पोलिसांना, न्यायालयांना आणि पालकांना या शास्त्रज्ञाकडून काय हवे असते? त्यांना यादी हवी असते. कोणता विद्यार्थी जिवाचे बरेवाईट करून घेईल, कोणता रुग्ण उद्या कोणावर हात उगारील, हे त्याने आधी सांगावे अशी अपेक्षा असते. आणि नेमके हेच सांगता येत नाही, हा गेल्या सत्तर वर्षांच्या संशोधनाचा सर्वांत प्रामाणिक निष्कर्ष आहे.

पॉल मील या मानसशास्त्रज्ञाने १९५४ सालीच दाखवून दिले होते की, तज्ज्ञाच्या अंतःप्रेरणेपेक्षा साधी आकडेवारी अनेकदा अधिक अचूक अंदाज देते. परंतु दुर्मीळ घटनांपुढे आकडेवारीही हतबल ठरते. अलेक्स पोकोर्नी यांनी अमेरिकेतील एका रुग्णालयात दाखल झालेल्या ४,८०० माजी सैनिकांचा अनेक वर्षे मागोवा घेतला आणि १९८३ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या काळात ६७ जणांनी आत्महत्या केली. उपलब्ध असलेल्या सर्व लक्षणांच्या आधारे केलेल्या वर्गीकरणाने त्यांतील ३५ जणांना बरोबर ओळखले. मात्र त्याच वेळी, ज्यांनी पुढे तसे काहीही केले नाही अशा १,२०६ जणांवरही धोक्याचा शिक्का मारला. हिंसेच्या बाबतीतही स्थिती वेगळी नाही. मानसोपचारतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ यांची हिंसेविषयीची भाकिते तिनांपैकी एकाहून अधिक वेळा खरी ठरत नाहीत, असा निर्वाळा जॉन मोनाहन यांनी १९८१ साली दिला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्यात आत्महत्येविषयीच्या पन्नास वर्षांतील ३६५ अभ्यासांची एकत्र छाननी करण्यात आली. भाकिताची अचूकता छापा-काट्याच्या फारशी पुढे गेलेली नाही, असेच त्यातून निष्पन्न झाले.

हा दोष तज्ज्ञाच्या बुद्धीचा नाही. तो गणिताचा आहे. समजा, एखाद्या महाविद्यालयात ५,००० विद्यार्थी आहेत. २०२२ साली देशातील आत्महत्येचे प्रमाण दर लाखास १२.४ होते. ते येथे लावल्यास वर्षाकाठी एकाहूनही कमी मृत्यू अपेक्षित ठरतो. आता शंभरांतील नव्वद वेळा बरोबर ठरणारी चाचणी हाती आली असे मानू. अशी चाचणी वस्तुतः कोठेही अस्तित्वात नाही. तरी तीसुद्धा सुमारे ५०० विद्यार्थ्यांना धोक्याच्या यादीत बसवील, आणि ज्या एकाकरिता हा खटाटोप केला तो निसटण्याची शक्यता उरेलच. या पाचशे जणांची नावे कार्यालयातील कपाटात जातील, तेथून वसतिगृहाच्या अधीक्षकाकडे आणि मग कदाचित नोकरी देणाऱ्याकडेही. ज्याला यादीत जाण्याची भीती वाटते तो बोलत नाही. अशा रीतीने मदतीसाठी केलेली यादीच मदतीचा मार्ग बंद करते.

मनोरुग्ण म्हणजे हिंसक, ही समजूतही याच मोहाचे अपत्य होय. अमेरिकेत झालेल्या मॅकआर्थर अभ्यासाने, रुग्णालयातून घरी परतलेल्या रुग्णांपैकी व्यसन नसलेल्यांची त्याच वस्तीतील व्यसन नसलेल्या शेजाऱ्यांशी तुलना केली. हिंसेच्या प्रमाणात फरक आढळला नाही, हे १९९८ साली प्रसिद्ध झाले. येरवड्याच्या मनोरुग्णालयाचे नाव थट्टेवारी घेण्याची सवय जडलेल्या पुणेकरांनी हा निष्कर्ष ध्यानी ठेवावा.

मग या शास्त्राचा उपयोग काय?

भाकीत करता येत नाही म्हणून शास्त्र निरुपयोगी, असा निष्कर्ष काढणे मात्र सर्वस्वी चुकीचे ठरेल. पाऊस कोणत्या घराची भिंत पाडील हे हवामानशास्त्र सांगू शकत नाही, म्हणून कोणी गटारे बांधणे सोडीत नाही. या व्यवसायाचे खरे कर्तृत्व कोणते उपाय जीव वाचवितात आणि कोणते केवळ समाधान देतात, हे तपासून पाहण्यात आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने चेन्नईसह पाच देशांतील पाच ठिकाणी केलेला प्रयोग या दृष्टीने उद्‌बोधक आहे. आत्महत्येच्या प्रयत्नानंतर रुग्णालयात आणलेल्या १,८६७ जणांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी करण्यात आली. एका गटाला नेहमीचे उपचार मिळाले. दुसऱ्या गटातील व्यक्तीशी एक तास सविस्तर बोलणे झाले आणि पुढील अठरा महिन्यांत दूरध्वनीने वा प्रत्यक्ष भेटून नऊ वेळा तिची विचारपूस करण्यात आली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे पहिल्या गटात आत्महत्येने मृत्यू पावलेल्यांचे प्रमाण २.२ टक्के, तर दुसऱ्यात अवघे ०.२ टक्के राहिले. येथे महागडे औषध नाही की यंत्र नाही. नियमाने, ठरल्या दिवशी, कोणीतरी विचारपूस करते, एवढेच. आत्महत्येविषयी थेट विचारल्यास तो विचार मनात रुजेल, ही भीतीही निराधार आहे. न्यूयॉर्क राज्यातील दोन हजारांहून अधिक शालेय विद्यार्थ्यांवरील अभ्यासाने २००५ सालीच ती दूर केली.

शिक्षकांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रयोग युरोपातील दहा देशांत झाला. १६८ शाळांतील ११,११० विद्यार्थी त्यात सहभागी होते. काही शाळांत धोक्याची लक्षणे ओळखण्याचे प्रशिक्षण शिक्षकांना दिले गेले. काही शाळांत तज्ज्ञांनी प्रश्नावलीच्या साहाय्याने विद्यार्थ्यांची छाननी केली. तिसऱ्या प्रकारच्या शाळांत सर्वच विद्यार्थ्यांसाठी भूमिकानाट्य आणि चर्चा यांच्या द्वारे मानसिक आरोग्याचे तास घेण्यात आले. २०१५ साली निकाल प्रसिद्ध झाला. एका वर्षानंतर आत्महत्येच्या प्रयत्नांचे प्रमाण तुलनेच्या गटात १.५१ टक्के होते. सर्वांना सामावून घेणाऱ्या तासांमुळे ते ०.७० टक्क्यावर आले. शिक्षकांचे प्रशिक्षण व छाननी या दोहोंचा मात्र तसा निर्णायक परिणाम दिसून आला नाही. यादी करणाऱ्यांच्या तुलनेत वर्गात मोकळेपणाने बोलणाऱ्यांची सरशी झाली, असे म्हणावयास हरकत नाही.

महाराष्ट्राचा धडा

आपल्या राज्याला हे सारे परके नाही. इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेचे श्रीजित मिश्रा यांनी २००६ साली दाखवून दिले की, महाराष्ट्रातील शेतकरी पुरुषांमधील आत्महत्येचे प्रमाण १९९५ मध्ये दर लाखास १५ होते, ते २००४ मध्ये ५७ वर पोचले. पश्चिम विदर्भात त्यांनी आत्महत्या झालेल्या कुटुंबांची तशी घटना न घडलेल्या कुटुंबांशी तुलना केली. बहुसंख्य प्रकरणांत कर्ज होते. परंतु त्याच्या जोडीने घसरलेली सांपत्तिक स्थिती, घरातील कलह, पिकाचे नुकसान अशी अनेक कारणे एकाच घरात एकत्र नांदताना आढळली.

शासनाची रीत मात्र उलट आहे. नापिकी, मान्यताप्राप्त संस्थेचे वा सावकाराचे थकलेले कर्ज आणि वसुलीचा तगादा या निकषांत बसणारी आत्महत्या 'पात्र', इतर 'अपात्र'. एक लाख रुपयांच्या मदतीसाठी जिल्हा समितीला मृत्यूचे असे वर्गीकरण करावे लागते. सरकारी पैशाला निकष हवेत हे मान्य केले, तरी एका मृत्यूला एकच कारण असते हा गैरसमज या पद्धतीने राज्यभर पक्का केला, हेही नाकारता येत नाही. आर्थिक कारणे मानणारे मानसिक कारणांना पळवाट म्हणतात, आणि मनाचे वैद्य अर्थकारणाला पार्श्वभूमी समजतात. वस्तुतः कर्ज हे मनावाटेच माणसाला मारते आणि खचलेले मन कर्जाचा डोंगर आहे त्याहून मोठा करून दाखविते. या दोन शास्त्रांचे भांडण त्या शेतकऱ्याच्या घरात नाही. ते आपल्या परिसंवादांत आहे.

अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत राबविलेल्या 'विश्राम' या प्रकल्पाने दुसरा मार्ग दाखविला. गावातीलच कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देऊन नैराश्यग्रस्तांपर्यंत पोचण्याचा तो प्रयत्न होता. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार, नैराश्य असलेल्यांपैकी आरोग्यसेवेपर्यंत पोचलेल्यांचे प्रमाण अठरा महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले आणि आत्महत्येचे विचार आल्याचे सांगणारे ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आले. तुलनेसाठी प्रकल्पाबाहेरची गावे घेतलेली नसल्यामुळे साऱ्या सुधारणेचे श्रेय प्रकल्पाला देता येणार नाही. तरीही उपचारांपर्यंत पोचणाऱ्यांची सहापट वाढ ही दुर्लक्षिण्याजोगी गोष्ट नव्हे.

कायद्याच्या क्षेत्रातही महाराष्ट्राचा वाटा आहे. मारुती श्रीपती दुबळ या पोलीस शिपायाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ साली आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारे कलम ३०९ घटनाबाह्य ठरविले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली ते पुन्हा वैध ठरविल्याने तो विचार मागे पडला. पुढे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने, प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरावे आणि तिला शिक्षा नव्हे तर शुश्रूषा मिळावी, हे तत्त्व स्वीकारले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत जुने कलम उरलेले नाही. सरकारी सेवकाला कर्तव्यात अडविण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा राहिला आहे. २०१७ च्या कायद्याच्या घडणीत पुण्याच्या आय. एल. एस. विधी महाविद्यालयातील मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राचे डॉ. सौमित्र पठारे यांचा सहभाग होता, हे पुणेकरांना अभिमानास्पद वाटावे. ते मानसोपचारतज्ज्ञ आहेत. परंतु संशोधन, कायदा आणि प्रत्यक्ष सेवा यांची सांगड एका शहरात, एका महाविद्यालयाच्या आवारात बसून घालता येते, हे या केंद्राच्या उदाहरणावरून दिसून येते.

तासिका तत्त्वावर जीव वाचतील काय?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. न्यायालयाच्या निर्देशामुळे राज्यात हजारो जागा निर्माण होतील. त्या कशा भरल्या जातील, याचा अंदाज बांधण्यास मानसशास्त्रज्ञ नको. महाविद्यालयांतील अध्यापकांची भरती ज्या रीतीने तासिका तत्त्वावर चालते, त्याच रीतीने समुपदेशकही आठवड्यातून दोन दिवस, तुटपुंज्या मानधनावर येईल. दाराशी पाटी लागेल, तपासणी समितीसमोर नोंदवही ठेवली जाईल आणि एप्रिल महिन्यात त्याचा करार संपेल. म्हणजे परीक्षांचे निकाल लागण्याच्या, मुलांना त्याची सर्वाधिक गरज असण्याच्या काळातच तो नसेल. चेन्नईच्या प्रयोगात ज्याने जीव वाचविले ते सातत्यच या व्यवस्थेत नेमके गाळले जाते.

याचे मूळ एका आर्थिक अडचणीत आहे. या व्यवसायाचे उत्पादन म्हणजे न घडलेली घटना. पूल बांधला तर तो दिसतो. मुलगा जगला तर तो इतर मुलांसारखाच सोमवारी वर्गात येऊन बसतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. ज्याचा लाभ दिसत नाही आणि साऱ्या समाजात विभागला जातो, अशा सेवेवर बाजार पुरेसा खर्च करीत नाही, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या पाठ्यपुस्तकातही आढळेल. म्हणूनच ही जबाबदारी शासनाची ठरते. केंद्राने २०२२ च्या राष्ट्रीय धोरणात, आत्महत्यांमुळे होणारे मृत्यू २०३० पर्यंत दहा टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. उद्दिष्टाला पदांची आणि वेतनाची जोड मिळाली नाही, तर ते कागदावरच राहील.

तेव्हा मागण्या मोजक्याच असाव्यात. समुपदेशकाचे पद पूर्णवेळ आणि बारमाही असावे. लहान संस्थांना ते एकट्याने परवडत नसेल, तर चार-पाच संस्थांनी मिळून एक व्यक्ती नेमावी. तिच्याकडे आलेल्याचे नाव प्राचार्यांनाही कळू नये, जिवाला तातडीचा धोका असल्याचा अपवाद सोडून. तिचे मूल्यमापन किती विद्यार्थी 'धोकादायक' ठरविले यावर होऊ नये. किती जण आपण होऊन आले आणि किती जणांची विचारपूस महिनोन्‌महिने टिकली, हे पाहावे. वेळापत्रकात सर्व विद्यार्थ्यांसाठी मानसिक आरोग्याचे तास असावेत. आणि पुणे विद्यापीठाने या विषयाच्या संशोधनास मानसशास्त्राबरोबरच अर्थशास्त्र व समाजशास्त्र विभागांतही जागा द्यावी.

आकडे विश्वासार्ह असणे ही त्याची पूर्वअट होय. २०१० साली पोलिसांकडील नोंदीत १,३४,५९९ आत्महत्या होत्या, तर 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातील एका देशव्यापी सर्वेक्षणाने त्याच वर्षी सुमारे १,८७,००० चा अंदाज केला. म्हणजे पन्नास हजारांहून अधिक मृत्यू लज्जेपोटी वा भीतीपोटी दुसऱ्याच कारणाच्या नावावर जमा झाले असावेत. जे राज्य झालेल्या मृत्यूंचीच धड नोंद ठेवू शकत नाही, ते न झालेल्या मृत्यूंचे श्रेय कोणाला देणार?

यंत्रणा उभी राहण्यास वर्षे लागतील. तोवर केंद्र शासनाची टेलिमानस ही १४४१६ या क्रमांकावरील निःशुल्क सेवा मराठीतही उपलब्ध आहे, हे प्रत्येक वर्गाच्या फलकावर लिहून ठेवण्यास कोणत्याही मंजुरीची आवश्यकता नाही. कोण मरणार हे ओळखण्याची विद्या शिक्षकापाशी नाही, तशी ती तज्ज्ञापाशीही नाही. मात्र तीन दिवस वर्गात न आलेल्या विद्यार्थ्याची चौकशी करणे, आणि ती पुढच्या आठवड्यात पुन्हा करणे, हे दोघांनाही साध्य आहे.